वीस वर्षांचे यंत्र, पाच वर्षांचे बोर्ड

एप्रिल २०२४ मध्ये झायलॉग कंपनीने आपल्या ग्राहकांना एक पत्रक पाठवले. झेड८० प्रोसेसरच्या मूळ मालिकेतील चिप यापुढे मिळणार नाहीत, शेवटची ऑर्डर १४ जूनपर्यंत द्यावी, असा त्याचा आशय होता. १९७६ साली बाजारात आलेली ही चिप सलग ४८ वर्षे विकली गेली. आता दुसरे उदाहरण घ्या. इंटेलने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘जूल’ नावाचे छोटेखानी कॉम्प्युटर मॉड्यूल गाजावाजा करून आणले. जून २०१७ मध्ये, वर्षही पुरे व्हायच्या आत, ते बंद करत असल्याचे जाहीर झाले. ऑर्डर द्यायला सप्टेंबरपर्यंत आणि माल मिळायला डिसेंबरपर्यंत मुदत होती. ‘गॅलिलिओ’ आणि ‘एडिसन’ ही इंटेलची आधीची दोन बोर्डेही त्याच सुमारास गेली. इंटेल ही झायलॉगच्या कितीतरी पट मोठी कंपनी आणि जूल तंत्रदृष्ट्या झेड८०च्या फार पुढचे. तरी जुनी चिप अर्धशतकाच्या उंबरठ्यापर्यंत पोचली आणि नवे मॉड्यूल बाळसे धरण्याआधीच संपले. सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले की या विसंगतीचा उलगडा होतो. एखादे बोर्ड किती वर्षे मिळत राहील हे त्याच्या वेगावर ठरत नाही आणि बनवणाऱ्या कंपनीच्या आकारावरही ठरत नाही. ते किती जणांना बनवता येते आणि कोणाच्या गरजेसाठी बनवले जाते, यावर ते ठरते.

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे समजायला एम्बेडेड कॉम्प्युटरचे काम पाहावे लागते. हा कॉम्प्युटर टेबलावर नसतो. तो लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, सीएनसी मशीनमध्ये, रुग्णालयातल्या मॉनिटरमध्ये, पेट्रोल पंपावर, रेल्वेच्या सिग्नलमध्ये बसवलेला असतो. ही यंत्रे पंधरा, वीस, कधी तीस वर्षे चालतात. पण त्यांच्या पोटातली चिप ज्या बाजारासाठी बनते, तो बाजार दोन-तीन वर्षांत नवा मोबाइल आणि नवा लॅपटॉप मागतो. दोन आयुष्यांमधली ही तफावत हेच या व्यवसायाचे मूळ दुखणे आहे. अमेरिकेच्या नासासारख्या संस्थेचीही त्यातून सुटका झाली नाही. स्पेस शटलच्या बूस्टर रॉकेटांची चाचणी घेणारी उपकरणे इंटेलच्या ८०८६ चिपवर चालत होती. ती चिप बाजारातून गेल्यावर नासाचे लोक इंटरनेटवरच्या लिलावात आणि जुन्या उपकरणांत ती शोधत होते, हे २००२ साली वृत्तपत्रांतून जगजाहीर झाले. नवी चाचणी-यंत्रणा उभारण्यापेक्षा जुन्या चिप हुडकणे परवडते, असा तो हिशेब होता. ज्या उपकरणाला सुरक्षेचे प्रमाणपत्र लागते, तिथे हा हिशेब कायम असाच निघतो. बोर्ड बदलले की चाचण्या नव्याने कराव्या लागतात, कागदपत्रे नव्याने लिहावी लागतात, मंजुरी नव्याने घ्यावी लागते. चारशे रुपयांची चिप बंद पडल्याने लाखांचा खर्च अंगावर येतो तो असा.

या इतिहासाचे आरंभवर्ष १९७६ मानायला हरकत नाही. त्या वर्षी इंटेलने एसबीसी ८०/१० हे बोर्ड आणले. बारा इंच लांब आणि पावणेसात इंच रुंद अशा एका पीसीबीवर ८०८०ए प्रोसेसर, एक किलोबाइट रॅम, चार किलोबाइटपर्यंत रॉम बसवण्याचे सॉकेट, एक सिरियल पोर्ट आणि इनपुट-आउटपुटच्या ४८ लाइन होत्या. त्याआधी कारखान्यातल्या नियंत्रकाला एकेका कामासाठी वेगळे कार्ड आणि ती सारी बसवायला रॅक लागत असे. आता यंत्र बनवणाऱ्याला कॉम्प्युटर स्वतः रचण्याची गरज उरली नाही, तो तयार विकत मिळू लागला. त्याच वर्षी मॉस टेक्नॉलॉजीने ६५०२ चिपवरचे किम-१ हे बोर्ड २४५ डॉलरला विकायला काढले आणि होतकरू अभियंत्यांच्या हाती पहिल्यांदा परवडणारे बोर्ड आले. पण दीर्घ पुरवठ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. इंटेलच्या बोर्डाला दुसरे कार्ड जोडण्यासाठी जी ‘मल्टिबस’ होती, तिची रचना इतरांना उपलब्ध होती. नॅशनल सेमीकंडक्टरने बीएलसी ८०/१० या नावाने तसेच बोर्ड बाजारात आणले, इतर कंपन्यांनी त्या बसवर बसणारी कार्डे काढली आणि १९८३ मध्ये मल्टिबसला आयईईईचे मानक म्हणून मान्यता मिळाली. एका कंपनीचे बोर्ड बंद झाले तर दुसरीचे त्याच जागी बसेल, ही सोय त्यातून निर्माण झाली.

ही सोय इंटेलच्या औदार्यातून आलेली नव्हती, ग्राहकांनी ती रेटून मिळवली होती. त्या काळात लष्कर आणि मोठे कारखानदार चिप निवडताना पहिला प्रश्न विचारत, की हीच चिप दुसरे कोण बनवते? एकाच कारखान्यावर अवलंबून राहायला ते तयार नसत. म्हणून चिप विकसित करणाऱ्या कंपनीला आपला आराखडा प्रतिस्पर्ध्याला परवान्याने द्यावा लागे. झेड८० मॉस्टेक आणि एसजीएस यांनीही बनवली. १९८१ साली पीसी आणणाऱ्या आयबीएमनेही ८०८८साठी दुसरा पुरवठादार मागितला आणि त्यातून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांचा करार झाला. या प्रथेचे सर्वांत ठळक फळ म्हणजे ८०५१. इंटेलने ही मायक्रोकंट्रोलर चिप १९८० मध्ये आणली. एएमडी, सीमेन्स, फिलिप्स अशा कंपन्यांनी ती बनवली, पुढे अ‍ॅटमेलने तिची फ्लॅश मेमरी असलेली आवृत्ती काढली. २००६ मध्ये इंटेलने जाहीर केले की ३८६, ४८६ या प्रोसेसरांबरोबर ८०५१चे कुटुंबही पुढच्या वर्षी बंद होईल. ८०५१ वापरणाऱ्यांवर मात्र त्याने आभाळ कोसळले नाही, कारण तोवर ती चिप एकट्या इंटेलची राहिलेली नव्हती. महाराष्ट्रातल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत ८०८५ आणि ८०५१ची किट वर्षानुवर्षे कशी टिकली, याचे उत्तरही काही अंशी इथेच आहे. अभ्यासक्रम सावकाश बदलतात हे खरे. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटी चिप सहज मिळत राहिली नसती, तर तो अभ्यासक्रम चालवता आलाच नसता.

चित्र पालटले ते १९८५ पासून. ३८६ आणताना इंटेलने ठरवले की या चिपचा आराखडा कोणालाही द्यायचा नाही. इंटेलच्या बाजूने हा निर्णय शहाणपणाचा होता. मेहनत आपली आणि नफ्यात वाटा दुसऱ्याचा, ही स्थिती कोणती कंपनी कायम चालू देईल? एएमडीने भांडून, स्वतःची रचना करून आपली ३८६ आणली तेव्हा १९९१ साल उजाडले होते. तोवर उद्योगाचा कल बदलला होता. पीसीचा बाजार इतका फुगला की दुसऱ्या पुरवठादाराचा हट्ट धरणारा ग्राहक लहान वाटू लागला. पाठोपाठ १९९४ मध्ये अमेरिकेचे संरक्षण सचिव विल्यम पेरी यांनी आदेश काढला, की लष्करी खरेदीत शक्यतो बाजारातलेच सुटे भाग घ्यावेत. पैसे वाचवण्यासाठी हे योग्यच होते. परंतु दीर्घ पुरवठ्याची अट घालणारा सर्वांत बलवान ग्राहक त्यामुळे स्वतःच सामान्य बाजाराच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्यानंतर लिफ्ट, लेथ किंवा वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्यांच्या बाजूने बोलायला कोणी उरले नाही. २००६ मध्ये युरोपने इलेक्ट्रॉनिक मालात शिसे वापरण्यावर निर्बंध आणले, तेव्हा कमी खपाचे अनेक जुने भाग नव्या नियमात बसवण्याऐवजी कंपन्यांनी बंदच करून टाकले. पर्यावरणासाठी तो निर्णय गरजेचा होता, पण त्याचा भार जुन्या यंत्रांवर पडला.

चिपवरचा ताबा सुटल्यावर एम्बेडेड व्यवसायाने बोर्डाच्या पातळीवर तीच जुनी युक्ती पुन्हा वापरली. १९९२ मध्ये पीसी/१०४ हे मानक ठरले. साधारण ९० बाय ९६ मिलिमीटरची, एकावर एक रचता येणारी बोर्डे, १०४ पिनांचा ठरलेला कनेक्टर आणि भोकांच्या ठरलेल्या जागा. आतला प्रोसेसर कोणाचाही असो, बोर्ड त्याच पेटीत, त्याच स्क्रूंवर बसले पाहिजे, ही त्यामागची भूमिका. हा कनेक्टर पीसीच्या जुन्या आयएसए बसचाच होता. घरगुती पीसीमधून ती बस नाहीशी झाली, पण याच मानकामुळे ती कारखान्यांत पुढे कितीतरी वर्षे जगली. पुढची पायरी म्हणजे मॉड्यूल आणि कॅरिअर बोर्ड वेगळे करणे. २००५ मध्ये कॉम एक्स्प्रेस आणि २०१२च्या सुमारास स्मार्क ही मानके आली. प्रोसेसर, मेमरी असे झपाट्याने जुने होणारे भाग एका छोट्या मॉड्यूलवर ठेवायचे. यंत्राला लागणारे कनेक्टर, रिले, वीजपुरवठा हे सावकाश बदलणारे भाग आपल्या कॅरिअर बोर्डावर ठेवायचे. चिप गेली तर फक्त मॉड्यूल बदलायचे. ही मानके कागदावर रुक्ष दिसतात, पण यंत्र बनवणाऱ्याच्या दृष्टीने ती विमा पॉलिसीच आहेत.

याच काळात मोबाइलसाठी बनलेल्या एआरएम चिप स्वस्त झाल्या आणि नव्या प्रकारची बोर्डे आली. २००८ मध्ये बीगलबोर्ड आले, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय. पाय मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी ३५ डॉलरला आणले होते, पण कारखान्यांनी ते उचलले. २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात नोंदणी होताना कंपनीने सांगितले, की आदल्या वर्षी विकलेल्या नगांपैकी ७२ टक्के नग उद्योग आणि एम्बेडेड वापरात गेले. या बोर्डांचा खरा कमकुवतपणा कुठे असतो हे बीगलबोर्डच्याच मालिकेतल्या बीगलबोन ब्लॅकच्या एका बदलातून नीट दिसते. एप्रिल २०१३ मध्ये आलेल्या या बोर्डावर दोन गिगाबाइटची ईएमएमसी मेमरी होती. वर्षभरात सी आवृत्ती आली आणि मेमरी चार गिगाबाइट झाली. वरवर पाहता ही सुधारणा. पण बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत कारण स्पष्ट दिले होते. दोन गिगाबाइटचे भाग बाजारातून जात चालले होते, म्हणून बदल करणे भाग पडले. मुख्य प्रोसेसर जागेवर होता, त्याच्या निर्मात्याचे दीर्घ पुरवठ्याचे आश्वासनही जागेवर होते. तरी मोबाइलवाल्यांनी मोठी मेमरी मागितली आणि शेजारची छोटी चिप गेली. बोर्डाचे आयुष्य हे त्यावरच्या सर्वांत अल्पायुषी भागाएवढेच असते.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप पुढे येतो. अनेक पुरवठादार नसतानाही रास्पबेरी पायने दीर्घ पुरवठा करून दाखवला, त्याचे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि त्या कंपनीला श्रेय द्यायलाच हवे. ती प्रत्येक बोर्डाची ‘निदान या सालापर्यंत बनवू’ अशी तारीख जाहीर करते आणि ती पुढेही ढकलते. २०१४ च्या बी प्लस बोर्डासाठी दिलेली तारीख २०३० पर्यंत गेली आहे. इतक्या स्वस्त मालासाठी हे विरळच. पण दोन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. पहिली, नाव तेच राहिले म्हणजे वस्तू तीच राहते असे नाही. पाय २ची १.२ आवृत्ती आली तेव्हा बोर्डाचे नाव तेच होते, पण आतली बीसीएम२८३६ जाऊन तिच्या जागी पाय ३ची बीसीएम२८३७ बसली होती. सामान्य वापरात फरक कळत नाही. सुरक्षेचे प्रमाणपत्र घेतलेल्या उपकरणात मात्र तो मोजावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ‘बनवत राहू’ आणि ‘तुम्हाला मिळेल’ ही दोन वेगळी आश्वासने आहेत. कोविडनंतर जगभर चिपचा तुटवडा झाला. मार्च २०२१ मध्ये जपानमधल्या रेनेसासच्या नाका कारखान्याला लागलेल्या आगीने त्यात भर घातली. ऑक्टोबर २०२१ मध्ये रास्पबेरी पाय कंपनीने पहिल्यांदा दर वाढवला, दोन गिगाबाइटचे पाय ४ हे ३५ वरून ४५ डॉलरवर गेले. उद्योगांना प्राधान्य देण्याचे धोरण कंपनीने उघडपणे सांगितले आणि ते समजण्यासारखेही होते. तरी रांग ही रांगच असते. तिच्यात मोठी मागणी असलेला ग्राहक पुढे असतो आणि भोसरी किंवा अंबडच्या एमआयडीसीत वर्षाला पन्नास यंत्रे बनवणारा लघुउद्योजक मागे. बाजार सुरळीत व्हायला २०२३ उजाडले.

त्या टंचाईतल्या एका उपायाने माझ्याच मुद्द्याला पुष्टी मिळते. २०२० मध्ये आलेल्या रास्पबेरी पायच्या चौथ्या कॉम्प्युट मॉड्यूलने आधीच्या मॉड्यूलांचा कनेक्टर सोडून नवा कनेक्टर घेतला होता. जुन्या मॉड्यूलांची चिप मिळेनाशी झाली तेव्हा २०२२ मध्ये कंपनीने चौथ्या पिढीची चिप जुन्याच आकाराच्या पट्टीवर बसवून सीएम४एस हे मॉड्यूल उद्योगांसाठी खुले केले. ज्यांनी आपले कॅरिअर बोर्ड स्वतः रचले होते, त्यांना ते वाचवता आले. म्हणजे संकटात उपयोगी पडला तो चिप आणि यंत्र यांच्यामधला स्थिर दुवा. चिपच्या आश्वासनाने ते काम झाले नाही. मल्टिबसने १९७६ मध्ये आणि पीसी/१०४ने १९९२ मध्ये जे साधले, तेच इथे छोट्या प्रमाणावर घडले.

आणखी काही आक्षेपांचा विचार करायला हवा. काही जण म्हणतात, बंद होण्याची सूचना आली की दहा वर्षांचा माल एकदम घेऊन ठेवावा. मोठ्या कंपन्या तसे करतातही. पण दहा वर्षांची मागणी अचूक कोणाला सांगता येते? कमी घेतला तर पुन्हा तेच संकट, जास्त घेतला तर भांडवल गोदामात अडकते. साठवलेल्या बोर्डांवर ओलाव्याचा परिणाम होतो, कपॅसिटर वाळतात, पिनांवर गंज चढतो. शिवाय साठा संपला की माणूस मध्यस्थांकडे वळतो आणि बनावट माल शिरतो. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात लष्करी पुरवठ्यातल्या बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदवली होती. दुसरे म्हणणे असे, की आता सगळे लिनक्सवर चालते, एक बोर्ड गेले तर सॉफ्टवेअर दुसऱ्यावर टाकावे. हे बऱ्याच अंशी खरे आहे आणि १९७६ च्या तुलनेत आपण यात खूप सुखी आहोत. पण डिस्प्ले, कॅमेरा, टायमर यांचे ड्रायव्हर प्रत्येक चिपचे वेगळे असतात आणि कित्येकदा चिप बनवणाऱ्याने दिलेल्या एकाच जुन्या कर्नलवर ते अडकलेले असतात. शिवाय सॉफ्टवेअरलाही आयुष्य असते. लिनक्सच्या दीर्घकालीन कर्नलची देखभाल सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणण्याचे २०२३ मध्ये ठरले. ही पोकळी भरण्यासाठी ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ हा प्रकल्प २०१६ पासून काही कर्नल निदान दहा वर्षे सांभाळतो, हे मोलाचे काम आहे. तिसरा आक्षेप सुरक्षेचा. जुनी बोर्डे रेटत राहिली की जुन्या चुकाही रेटल्या जातात. मान्य. पण जुने बोर्ड मिळणे म्हणजे ते नाइलाजाने वापरणे नव्हे. पुरवठा पक्का असेल तर बदल आपल्या सोयीच्या वेळी, नीट चाचण्या करून करता येतो. पुरवठा तुटला की तोच बदल घाईघाईत करावा लागतो, आणि अशा घाईत सुरक्षा पहिली मागे पडते.

मग पुढे उमेद कोणती? खुल्या आराखड्याची बोर्डे हा एक आधार आहे. बीगलबोनचे आराखडे सर्वांसाठी खुले असल्याने सीडसारख्या कंपनीला त्यावरून ‘ग्रीन’ आवृत्ती काढता आली आणि एकाच जातीची बोर्डे एकाहून अधिक ठिकाणी बनू लागली. मात्र मधली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचीच असल्याने खुलेपणा तिथे थांबतो. रिस्क-व्ही ही खुली सूचनावली त्या पलीकडे जायचा मार्ग दाखवते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासची ‘शक्ती’ हे प्रोसेसर याच वाटेवरचे आहेत. अर्थात सूचनावली सारखी म्हणजे चिपच्या पिना सारख्या असे नव्हे, आणि आराखडा आपला म्हणजे कारखाना आपला असेही नव्हे. झेड८० बंद होण्यामागे झायलॉगची इच्छा नव्हती, तिच्यासाठी वेफर बनवणाऱ्या कारखान्याने ते काम थांबवले होते. इस्रोने २००९ पासून आपल्या प्रक्षेपकांमध्ये वापरलेला विक्रम १६०१ हा सोळा बिटांचा प्रोसेसर मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत बनतो. वेगाच्या शर्यतीत तो कुठेच नाही. पण आराखडा आणि कारखाना दोन्ही हातात असल्याने तो मिळेल की नाही, हा प्रश्न इस्रोला पडत नाही.

या पन्नास वर्षांचा निष्कर्ष मी असा काढतो. दीर्घ पुरवठा कंपन्यांनी सहसा आपणहून दिलेला नाही. ग्राहकांनी तो मागितला तेव्हा मिळाला आणि मागणे सोडले तेव्हा गेला. लघुउद्योजक एकटा कोणत्याही चिप कंपनीला अट घालू शकत नाही. पण बोर्ड निवडताना तो तीन गोष्टी नक्की विचारू शकतो: याच्या जागी बसणारे दुसऱ्या कोणाचे बोर्ड आहे का, प्रोसेसर बदलता येईल असे मॉड्यूल आहे का, आणि लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये याला आधार आहे का. आपल्या कॉलेजांनीही विद्यार्थ्यांना बोर्डाचा वेग आणि किंमत शिकवताना हे प्रश्न शिकवावेत, कारण आज प्रकल्पासाठी बोर्ड निवडणारा विद्यार्थीच उद्या वीस वर्षे चालणारे यंत्र रचणार आहे. स्वस्त बोर्ड घ्यावे, वेगवान बोर्ड घ्यावे, पण एकाच कंपनीच्या शब्दावर यंत्राचे सगळे आयुष्य टाकू नये.